मेले ते ठीक, पण कुठं?

नाही, मला एक सांगा, माणूस मेला एवढं पुरेसं नसतं का हो? म्हणजे मरण्यात आणखी काय करायचं बाकी असतं? श्वास थांबला, डॉक्टरांनी नाडी बघितली, घरचे रडले, शेजारचे येऊन सुतकी चेहऱ्यानं बसून गेले, पेपरात फोटो आला, तोही डोक्यावर केस असतानाचा... आता याहून जास्त कुणी कसं मरावं? पण नाही! खिडकीतला तो माणूस चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघतो आणि म्हणतो, “मेले ते ठीक, पण कुठं मेले?”

तुम्हाला सांगतो, मी साधा चष्मेवाला. लोकांना दिसत नाही तिथं भिंग बसवायचं, एवढंच मला येतं. कोर्टकचेरी, दाखले, अर्ज, या वाटेला मी कधी गेलो नाही. पण आमचे काका गेले, म्हणजे माझे सख्खे चुलते, आणि सगळ्या घरादारानं एकदम माझ्याकडे बघितलं. का? तर माझं दुकान आहे! नोकरी करणाऱ्याला रजा काढावी लागते, दुकानदाराला काय, शटर ओढलं की मोकळा! म्हणजे मी शटर ओढल्यावर गिऱ्हाईक काय शटरला नमस्कार करून परत जातं? पण बोलायची सोय नाही.

आणि घाई केवढी! काकांना एकच मुलगी, माझी चुलत बहीण, ती राहते परदेशात. तिला दिवस गेलेले, तेही लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी, डॉक्टरनं बसल्या जागेवरून हलू नका म्हणून बजावलेलं. काका गेले तेव्हा तिला येताही आलं नाही. रोज फोन, रोज रडणं. “दादा, बाबा भेटले नाहीत रे, आता बाळंतपणाला आई तरी पाठव.” आता आईला पाठव म्हणजे काय पार्सल आहे का? काकूंनी जन्मात पासपोर्ट काढलेला नाही! पासपोर्टला अर्ज केला तर ते म्हणाले, पती हयात नाहीत असं लिहिलंय, तर मृत्यूचा दाखला लावा. बरोबर आहे त्यांचं. लावतो म्हटलं. त्यात काय, जाऊन आणायचा! हा हा हा... जाऊन आणायचा म्हणे!

त्यात आणखी एक. काकू गप्प झाल्या होत्या. तुम्ही आमच्या काकूंना ओळखत नाही म्हणून तुम्हाला त्यात काही वाटत नाहीये. काकू म्हणजे बोलणं! सकाळी डोळे उघडायच्या आधी तोंड उघडायचं ते रात्री डोळे मिटल्यावरही चालू. भाजीवाल्याशी बोलतील, कुकरशी बोलतील, चुकून लागलेल्या फोनवरच्या माणसाची सगळी सासुरवाडी विचारून घेतील! आणि ती बाई काका गेल्या दिवसापासून नुसती, “हो. नाही. ठेव तिथं.” बस्स. आम्हाला धडकीच भरली. मग घरात ठराव झाला, की काकूंना त्या दिवसाबद्दल एक शब्द विचारायचा नाही. त्रास होईल त्यांना! आमचं घर म्हणजे असं, सगळे एकमेकांना इतके जपतात की कुणालाच काही कळत नाही.

तर काकांचं घर नदीच्या अलीकडे. मोठं हॉस्पिटल पलीकडे. मध्ये पूल. अलीकडची पालिका वेगळी, पलीकडची वेगळी, आणि दोघींचं सवतीसारखं. काकांच्या छातीत दुखायला लागलं, अॅम्ब्युलन्स आली, काका मागं आडवे, शेजारी काकू, पुढं ड्रायव्हर. मदतनीस नेमका रजेवर. आणि वाटेत कुठंतरी काका गेले. बास, एवढंच झालं! आता यात एखाद्याला काय अवघड वाटावं?

मी अलीकडच्या पालिकेत गेलो. खिडकीवर वेळ लिहिलेली, आणि त्या वेळेला खिडकीत पाटी, ‘येतो’. कोण येतो? कुठून येतो? कधी येतो? यमसुद्धा याहून वेळेवर येतो हो! शेवटी आला. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, एक काडी दोऱ्यानं बांधलेली, माझा तर जीवच कासावीस झाला ते बघून. म्हणाला, “कुठं मेले? घरी का दवाखान्यात?”

“रस्त्यात,” मी म्हटलं.

“अपघात?”

“अपघात नाही हो, अॅम्ब्युलन्समध्ये.”

त्यानं पेन खाली ठेवलं. “म्हणजे घरी नाही. मग आमचे नाहीत.”

आमचे नाहीत! ऐकलंत? जन्मभर याच पालिकेच्या नळाचं पाणी प्याले, याच पालिकेच्या खड्ड्यात पाय मुरगळून घेतला, दर निवडणुकीला रांगेत पहिले, आणि मेल्याबरोबर आमचे नाहीत! मी म्हटलं, साहेब, मग घरीच गेले असं लिहा की, तुमचं काय जातंय? तर म्हणाला, “अॅम्ब्युलन्सच्या कागदावर लिहिलंय, घरून घेतलं तेव्हा रुग्ण जिवंत. मी खोटं लिहू?” कधी नव्हे ते एक माणूस खोटं लिहायला नाही म्हणत होता आणि तो नेमका माझ्याच वाट्याला!

गेलो हॉस्पिटलला. त्यांचं रेकॉर्ड तळघरात. जिने उतरून उतरून मला वाटलं, काका स्वतःच भेटतील आता. तिथं एक बाई, चेहऱ्यापेक्षा फ्रेम मोठी. मी नाव सांगितलं, तारीख सांगितली. तिनं कॉम्प्युटर बघितला आणि म्हणाली, “हे आमच्याकडे आलेच नाहीत.”

“आले नाहीत कसे? मी स्वतः इथून त्यांना घरी नेलंय!”

“आले नाहीत. आणले.”

“म्हणजे?”

“जिवंत आले तर आले. गेल्यावर आणलं तर आणले. आणलेल्यांची नोंद आम्ही पालिकेला कळवत नाही. आमच्याकडे मेले असते तर गोष्ट वेगळी होती हो,” असं इतक्या हळहळून म्हणाली की मलाच ओशाळल्यासारखं झालं. काकांनी जरा दम धरला असता तर बाईंना किती बरं वाटलं असतं!

तिकडून पलीकडच्या पालिकेत. ती नवी, काचेची, आत गार हवा, टोकन घ्यायचं मशीन. वाटलं, चला, इथं तरी काम होईल. नंबर लागला. समोर एक मुलगी, बिनफ्रेमचा चष्मा, गोड आवाज. “सर, मृत्यूचं ठिकाण?” मी सगळं सांगितलं. घर, छातीत दुखणं, अॅम्ब्युलन्स, पूल, हॉस्पिटल, तळघर, आले नाहीत आणले. तिनं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि तितक्याच गोड आवाजात म्हणाली, “हो सर, पण कुठं?”

मेले ते ठीक, पण कुठं मेले! पुन्हा तेच! मी ओरडलो हो. मी, जो गिऱ्हाइकानं फ्रेमवर बसून ती मोडून आणली तरी हसतो, तो मी ओरडलो! म्हटलं, “बाई, माणूस मरताना काय पत्ता सांगून मरतो का? आता मी अमुक खांबाजवळ आलोय, निघतो म्हणून?” टोकनवाले सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. आणि तेवढ्यात खिशातला फोन वाजला. बहीण! “दादा, झालं का रे?” मी म्हटलं, “होतंय, होतंय, अगदी होत आलंय.” काय होत आलं होतं? माझं डोकं फिरत आलं होतं!

आरडाओरडा ऐकून आतून मोठ्या बाई आल्या, निबंधक. त्यांनी मला आत नेलं, पाणी दिलं. म्हणाल्या, “नियम आहे. चालत्या गाडीत मृत्यू झाला तर त्यानंतर गाडी पहिल्यांदा जिथं थांबली, तिथल्या पालिकेत नोंद.” अहो, मी खुर्चीतून उठलोच! नियम आहे! आम्ही नियमात बसतो! काका नियमात बसतात! मी म्हटलं, “म्हणजे हॉस्पिटलला थांबली, म्हणजे तुमच्याकडेच!” बाई म्हणाल्या, “बसा. वाटेत कुठं थांबली नव्हती कशावरून?”

आता हे मला काय ठाऊक? मी काय गाडीवर लटकलो होतो?

ड्रायव्हरला शोधायला निघालो. दुकान बंद, गिऱ्हाइकं शटरला नमस्कार करून चाललेली, तिकडं बहिणीची तारीख जवळ येतेय, आणि मी गावभर विचारत हिंडतोय, अमुक दिवशी अमुक गाडीवर कोण होतं हो? सापडला एकदाचा. गाडी धूत होता. मी अजिजीनं विचारलं, “दादा, त्या दिवशी गाडी वाटेत कुठं थांबली होती का?”

“थांबली की! पुलाच्या अलीकडे चौकात सिग्नलला थांबली. आम्हाला कोण वाट देतं, साहेब? सायरन वाजला की लोक वळून बघतात फक्त. मग पूल उतरल्यावर एकदा थांबली. आजीबाईंनी थांबवली.”

“काकूंनी? का?”

“ते आजीबाईंना विचारा. लई भांडल्या माझ्याशी.”

“बरं, आणि काका गेले ते सिग्नलच्या आधी का नंतर?”

तो पाण्याची नळी बाजूला ठेवून माझ्याकडे बघायला लागला. “साहेब, मी पुढं बघून गाडी चालवतो. मागं कोण कधी गेलं ते मला कसं कळणार?”

झालं! म्हणजे घोडं अडलं ते इथं. सिग्नलच्या आधी गेले असतील तर अलीकडचे. सिग्नलच्या नंतर, पुलावर गेले असतील तर पलीकडचे. आणि हे सांगू शकणारं माणूस जगात एकच, जिला एक शब्द विचारायचा नाही असा आमचा ठराव!

दोन दिवस मी काकूंच्या घरी नुसता जाऊन बसत होतो. चहा प्यायचो, पंख्याकडे बघायचो, हवापाण्याचं बोलायचो. विचारायला तोंड उघडायचो आणि काकूंचा चेहरा बघून बिस्कीट कोंबायचो. इतकी बिस्किटं मी शाळेत असतानासुद्धा खाल्ली नाहीत. शेवटी काय केलं, काकूंना म्हटलं, “पासपोर्टच्या कामाला एका ऑफिसात यावं लागेल, नुसती सही.” आणि त्यांना थेट मोठ्या बाईंच्या पुढ्यात नेऊन बसवलं. म्हटलं, ज्यांचा प्रश्न त्यांनीच विचारावा, आपल्याला पाप नको. हो, भित्रा आहे मी. तुम्ही असता तर काय केलं असतं?

बाईंनी पेन उघडलं. मी भिंतीकडे बघायला लागलो. आणि बाई अगदी हळू म्हणाल्या, “आजी, तुमचे मालक नेमके कुठं गेले, आठवतं का?”

मला वाटलं, संपलं. आता काकू कोसळणार. घरचे मला उभा जाळणार. आणि काकू पदर सावरून पुढं सरकल्या आणि म्हणाल्या,

“अगं बाई, कुणीतरी विचारलंस! इतके दिवस झाले, येतो तो माझ्याकडे बघून मान हलवतो, चहा पितो, बिस्किटं संपवतो आणि जातो. माझ्या मनात नुसतं साचलंय! ऐक आता. त्यांना बोलायची सवय नव्हती हो. मी बोलायची, ते ‘हं’ म्हणायचे. लग्न झाल्यापासून हेच. मी शंभर वाक्यं बोलावीत, त्यांनी एक ‘हं’ म्हणावं, आमचा संसार झाला त्यात. गाडीतही मी बोलत होते. घाबरले होते ना, म्हणून जास्तच. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी म्हटलं, बघा, माणूस मरायला टेकलाय आणि कुणी वाट देत नाही. ते म्हणाले, ‘हं’. मला ऐकू आलं. मग पूल लागला. मी म्हटलं, अहो, तुमचा चष्मा घेतलाय का खिशात? डॉक्टर दिसायला नकोत का तुम्हाला? तर काही नाही. पुन्हा विचारलं. काही नाही. खिसा चाचपला, तर चष्मा नाहीच! मी ड्रायव्हरला ओरडून म्हटलं, थांब, मागं घे गाडी, यांचा चष्मा राहिलाय. पूल उतरला आणि थांबला मेला, पण मागं घेईना. म्हणाला, आजी, चष्म्यासाठी अॅम्ब्युलन्स वळवतात का? मी भांडले त्याच्याशी. मग म्हटलं, चल बाबा. आणि मला वाटलं, हे चष्म्यावरून रागावलेत, म्हणून ‘हं’ म्हणत नाहीत. मी समजूत घालत राहिले. हॉस्पिटलच्या दारापर्यंत बोलत होते मी त्यांच्याशी. तिथं ती डॉक्टरीण म्हणाली, गेलेत, मघाशीच गेलेत. मी तिच्यावरच ओरडले, काहीतरी काय बोलतेस, आत्ता आम्ही दोघं बोलत होतो!”

काकूंनी पदर पुन्हा सावरला. मग म्हणाल्या, “पण बोलत मीच होते. जन्मभर मीच बोलत होते. मला फरक कसा कळावा, तू सांग?”

मोठ्या बाईंनी चष्मा काढला आणि उगाच पुसत बसल्या. भिंग स्वच्छ होतं हो, मला कळतं ना. मी तर खिडकीकडे तोंड करून रडत होतो. मला लाज वाटली. काका गेल्याचं दुःख आम्ही सगळ्यांनी वाटून घेतलं, पण ते सगळ्यात जवळून ज्यांनी बघितलं त्यांना आम्ही बोलूच दिलं नव्हतं, तेही प्रेमापोटी!

पण सरकारी काम ते सरकारी काम. बाईंनी चष्मा चढवला, नाक ओढलं आणि म्हणाल्या, “आजी, पूल उतरल्यावर गाडी थांबली, तिथं आमच्या हद्दीचा बोर्ड आहे. गाडी बोर्डाच्या अलीकडे होती का पलीकडे?”

“पलीकडे,” काकू म्हणाल्या. “भांडताना मागच्या काचेतून बोर्डाची पाठ दिसत होती ना. कमान आहे मोठी, पुढून फुलं काढलेली. ‘आपलं सहर्ष स्वागत आहे.’”

लिहून घेतलं बाईंनी. उशीर झाला म्हणून आणखी एक प्रतिज्ञापत्र, आणखी एक शिक्का, आणखी एकदा टोकन... पण झालं! आठवड्याभरात दाखला हातात! मृत्यूचं ठिकाण, चालते वाहन, आणि पुढं पलीकडच्या पालिकेचं नाव. काकांनी जन्मात त्या पालिकेचं तोंड बघितलं नव्हतं, पण स्वागत झाल्यावर नाही कसं म्हणणार?

दाखला घ्यायलाही काकू आल्या होत्या. सोडतात होय! टोकनवाल्या मुलीला लग्न का करत नाहीस विचारलं, मोठ्या बाईंना गुडघ्यावर औषध सांगितलं, मशीनपाशी उभ्या अनोळखी माणसाला काकांची सगळी हकिगत पहिल्यापासून ऐकवली. रिक्षात बसलो तरी चालूच. मी शेजारी दाखला छातीशी धरून बसलेलो, अधूनमधून ‘हं’ म्हणतोय, आणि खरं सांगतो, इतकं बरं वाटत होतं मला ती बडबड ऐकून! म्हटलं, आता पासपोर्ट, मग विमान, तारखेला अजून अवकाश आहे, गाठतील काकू लेकीला.

आणि फोन वाजला. जावईबापू! आवाज असा, जसा काही डोंगर चढून आलेत. “दादा, मुलगी झाली! तारखेच्या आधीच झाली! दोघी ठणठणीत आहेत!”

काकूंनी फोन हिसकावला. “रडली का रे? झाल्या झाल्या रडली का?”

“रडली? आई, अहो, जन्मल्यापासून एक मिनिट गप्प बसलेली नाही!”

“माझ्यावर गेली,” काकू म्हणाल्या, आणि तिथं, भर रिक्षात, काका गेल्यापासून पहिल्यांदा, मोठ्यानं, मोकळं मोकळं रडल्या. मीही रडलो. रिक्षावाल्यानं रिक्षा बाजूला घेतली बिचाऱ्यानं. त्याला वाटलं, कुणीतरी गेलं. मग काकूंनीच डोळे पुसले आणि मला ढोसलं, “रडतोस काय? पासपोर्टचं बघ. बाळंतपण हुकलं ते हुकलं, बाळंतिणीला बघायला कोण आहे तिथं?”

मी फोन घेतला. अभिनंदन केलं. पेढे पाठवतो म्हटलं, आता परदेशात पेढे कसे पाठवणार, पण आनंदात माणूस काहीही बोलतो. तर जावईबापू जरा घुटमळले. म्हणाले, “दादा, एक विचारायचं होतं. तुम्ही आता यातले जाणकार झालात म्हणून. आम्ही हॉस्पिटलपर्यंत पोचलोच नाही हो. ती मागच्या सीटवर, मी गाडी चालवतोय, आणि वाटेतच... आणि इथं जन्माच्या दाखल्याला हे लोक विचारतायत—”

“थांबा,” मी म्हटलं. “बोलू नका. झाली ते ठीक, पण कुठं झाली?”

“हो! तुम्हाला कसं कळलं?”

मी डोळे मिटले. म्हटलं, “जावईबापू, तुम्ही पुढं बघून गाडी चालवत होतात. तुम्हाला ठाऊक असणं शक्य नाही. मागं होती तिला विचारा. आणि बिस्किटं आणून ठेवा.”